यंदाचा होतकरू

टेमघरच्या त्या वस्तीत 'होतकरू' हा शब्द रोजच्या वापरातला नव्हता. मुलगा हुशार असायचा, कामसू असायचा, वाया गेलेला किंवा सुधारलेला असायचा. होतकरू मात्र तो विहारातल्या सभेतच व्हायचा, आणि तेही मंडळाने तसं म्हटल्यावर. विहाराला लागून मंडळाचा एक गाळा होता. पुढे शटर, बाजूला खिडकी, मागे पाण्याचा नळ. वस्तीतल्या एका होतकरूने तिथे काहीतरी धंदा सुरू करावा म्हणून मंडळ तो तीन वर्षं बिनभाड्याने द्यायचं.

आजवर तिथे तीन होतकरू होऊन गेले होते. पहिल्याने झेरॉक्सचं मशीन आणलं, ते कागद खायचं. दुसऱ्याने जिम काढली, भिंतभर आरसे लावले. व्यायामाला फारसं कुणी आलं नाही, पोरं येता-जाता भांग पाडायला मात्र शिरायची. तिसऱ्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान त्याला राहनाळच्या गोदामात नोकरी लागली तेव्हा बंद झालं. आता गाळ्यात जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि दोन मोडकी बाकं होती.

होतकरू ओळखायला सोपा. वय पंचविशीच्या आत, दाढी नुकती कोरायला लागलेला, हातात काही नाही पण बोलण्यात बरंच. गरीब व होतकरू असे हे शब्द जोडीनेच यायचे. पैसेवाल्याच्या मुलाला होतकरू म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, कारण त्याचं सगळं आधीच झालेलं असतं. बाईला म्हटलेलं तर त्याहून नव्हतं. बाईने घर सावरलं तर ती कर्ती. घर सावरून वर आणखी काही केलं तर हौशी, आणि त्यातून आणखी हवं म्हणाली की तिला हाव सुटली. महत्त्वाकांक्षी बाई फक्त टीव्हीवरच्या मालिकेत असायची. ती एक भुवई वर करून जिना उतरायची, आणि मागे धडाम्‌धुडुम् वाजायचं.

यंदा या होतकरूपणावर वनिताचा डोळा होता. वनिता म्हणजे दत्तूची बायको, चाळिशी ओलांडलेली.

दत्तूची कापडाची लूम बंद पडली आणि पाठोपाठ त्याची पाठही गेली, तेव्हापासून वनिता डबे करत होती. शेजारची रीमा बाळंतपणानंतर पुन्हा गोदामात जायला लागली. तिला पहाटे उठून पोर सांभाळू की भाकऱ्या थापू असं व्हायचं, म्हणून वनिता तिचा डबा करून द्यायला लागली. रीमाच्या डब्यात तिच्या लाइनवरच्या बायकांनी हात घातला. मग त्यांचे डबे सुरू झाले, मग त्यांच्या शिफ्टमधल्या बायकांचे, आणि बघता बघता वनिताच्या एका खोलीत माणसांपेक्षा डबे जास्त झाले. ती रांधायची, दत्तू भिंतीला टेकून झाकणांवर नावांच्या पट्ट्या चिकटवायचा, आणि मुलगा ओमकार ते रिक्षात चढवून आपल्या ड्युटीला जायचा. तोही गोदामातच होता, मालाच्या खोक्यांवर स्कॅनर मारायच्या कामाला.

सगळं ठीक चाललं होतं. मग घरमालक आला, धुराने काळी झालेली भिंत बघितली, फोडणीच्या वासाने खोकला आणि म्हणाला, "वनिताबाई, घरापुरतं करा. हे हॉटेल बंद. ह्या महिन्यापर्यंत मी काय बोलणार नाही."

म्हणजे महिना संपला की डबे संपले. दुसरी जागा भाड्याने घ्यायची तर डब्यांतून सुटायचं ते सगळं भाड्यात जाणार. वनिताने रात्रंदिवस विचार केला, आणि प्रत्येक वेळी तो विचार विहाराशेजारच्या गाळ्यापाशी, मागच्या नळापाशी येऊन थांबला.

पण मंडळाची एक रीत होती. सभेत आपलं नाव आपण घ्यायचं नाही. पूर्वी कधीतरी दोन सख्खे भाऊ एकाच वेळी उभे राहून 'मला द्या, मला द्या' करत भांडले, आणि ते भांडण त्यांच्या पोरांपर्यंत चाललं. तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, की नाव दुसऱ्याने घ्यायचं, तिसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि ज्याचं नाव असेल त्याने मान खाली घालून गप बसायचं. नाव घेणं काय, अनुमोदन काय, घरातल्या माणसाचं चालायचं नाही.

वनिता शांताबाईंकडे गेली. शांताबाई म्हणजे वस्तीची आत्या. निम्म्या वस्तीची लग्नं त्यांनी जुळवलेली, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की माणसं ऐकायची. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या.

"आत्या, रविवारी माझं नाव घ्याल?"

"कशापायी? कमिटीत जातीस?"

"गाळ्यासाठी."

शांताबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "तो होतकरूचा न्हाय का?"

"हो."

"मंग तुझं कसं घेऊ? तू केसाला मेंदी लावतीस."

"नियमात केसांचं काय आहे?"

"ते बी खरंच हाय," शांताबाई म्हणाल्या आणि हसल्या. "घेते. असं घेते तुझं नाव, की लोक बघत ऱ्हातील. कायतरी नवीन तर होऊ दे वस्तीत."

घरमालकाचं त्यांना सांगावं असं वनिताच्या ओठावर आलं होतं. पण 'चूल बंद करायला सांगितली' हे वाक्य काही तोंडातून निघेना. ते बोललं की हात पसरल्यासारखं होईल असं तिला वाटलं. मागायचं तर मान ताठ ठेवून, हा तिचा स्वभाव. मान ताठ ठेवून मागितलं तर समोरच्याला ते मागणं वाटतच नाही, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. ती मेथीच्या चार काड्या निवडून घरी आली.

रविवारी वंदना झाली. त्रिसरण-पंचशील झालं, बायका एका बाजूला आणि बापे एका बाजूला असे बसले, पोरं दारात उभी राहिली. मंडळाचा सेक्रेटरी नरेंद्र उठला. तो एका पतपेढीत नोकरीला होता आणि माणसांशीही सूचनाफलकासारखाच बोलायचा.

"सदर गाळ्यासाठी नावं सुचवावीत."

शांताबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "मी वनिताचं नाव घेते."

थोडी कुजबुज झाली. वनिताने रीतीप्रमाणे मान खाली घातली.

"वनिताला तुम्ही सगळी ओळखताच," शांताबाई म्हणाल्या. "हिच्यात काय कमी हाय ते सांगा! नवऱ्याची लूम बंद पडली तवा ही रडत बसली न्हाय. पहाटं उठून अख्ख्या गोदामाच्या बायांना खाऊ घालते. कुनापुढं हात पसरला न्हाय. पोराला बारावी केला, कामाला लावला, पोर बी गुनाचा. घरात फ्रिज हाय, मिक्सर हाय. आता परवा कुकर आनला, केवढा, आत मानूस बसंल. रंगानं बी उजळ हाय. हिला कुनाची गरज न्हाय. अशी बाई वस्तीत दुसरी मिळायची न्हाय!"

टाळ्या पडल्या. वनिता जमिनीकडे बघत होती, आणि आत्यांच्या एकेका वाक्यासरशी गाळा तिच्यापासून एकेक पाऊल लांब जात होता. फ्रिजपाशी तो रस्त्याच्या पलीकडे गेला. 'कुनाची गरज न्हाय' म्हटल्यावर तर दिसेनासाच झाला.

"वनितावहिनींचं आपण अभिनंदनच केलं पाहिजे," नरेंद्र म्हणाला, आणि त्याला तसं मनापासून वाटतही होतं. "आदर्श कर्तृत्व. पण गाळा होतकरूंसाठी आहे. होतकरू म्हणजे ज्याचं अजून व्हायचंय तो. वहिनींचं, आत्यांनीच सांगितल्याप्रमाणे, झालेलं आहे. आपण असं करू, जयंतीला वहिनींना शाल आणि गुच्छ देऊ."

"देऊ, देऊ," चारजण म्हणाले. शालीला कुणाचीच हरकत नसते.

"आणि होतकरू शोधायला लांब कशाला जायचं?" मंडळाचे जुने खजिनदार केसरीनाथ म्हणाले. ते रीमाचे सासरे. "ह्यांच्याच घरात हाय की. ओमकार! मी ओमकारचं नाव घेतो."

दारातला ओमकार मोबाईलमधून वर बघत म्हणाला, "मी?"

"तूच. काय करशील गाळ्यात?"

ओमकारने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी वस्ती त्याच्याकडे बघत होती, आणि चांगल्या नजरेने बघत होती. अशी वेळ रोज येत नाही. "मोबाईलच्या ॲक्सेसरीज," तो म्हणाला. "कव्हर, चार्जर वगैरे. मस्त चालतंय ते आजकल."

"बघा!" केसरीनाथ म्हणाले. "ह्याला म्हणतात होतकरू."

पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात. वनिताने मान न उचलता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर सगळ्यांत जोरात दत्तू टाळ्या वाजवत होता.

त्याच्यावर रागवावं की हसावं, तिला कळेना. बाप आहे, आनंद झाला असेल. घरमालकाचं त्याला माहीत होतं, पण टाळी वाजवताना माणसाला सगळंच कुठं आठवतं?

"आणि वनिता," केसरीनाथ मायेने म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतेस? गाळा घरातच ऱ्हायला ना! पोराचं एका बाजूला काउंटर, तुझी एका बाजूला चूल. नाव पोराचं, म्हणून काय बिघडलं?"

खरंच, काय बिघडलं? वनिताने प्रामाणिकपणे विचार केला. खोलीचा करार दत्तूच्या नावावर होता. गॅसचं कनेक्शन दत्तूच्या नावावर. ज्या रिक्षातून डबे जायचे त्या रिक्षावाल्याच्या मोबाईलमध्ये तिचा नंबर 'ओमकार मम्मी' म्हणून होता. इतकी नावं दुसऱ्यांची चालतात, त्यात आणखी एक. चूल पेटली म्हणजे झालं. ती हो म्हणणारच होती. तिने मान उचललीही होती.

"म्हणजे वहिनींची हौसही भागेल," नरेंद्र म्हणाला.

पहाटे अंधारात कणीक मळताना बोटं आखडायची, ती कळ वनिताला आठवली आणि ती उभी राहिली.

"नरूभाऊ, हौस नाही ती."

"वहिनी, तुमचं नाव चर्चेत आहे. रीतीप्रमाणे तुम्ही बोलायचं नाही."

"माझं नाव तुम्ही आता चर्चेतून काढलंत ना? मग बोलते." तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो डबेवाल्या रिक्षाला हाक मारताना लागायचा तसा खणखणीत लागला. "मला खानावळ काढायचीय. डबे नाही, खानावळ. बायकांनी येऊन बसून जेवायचं, वर पाटी. गोदामाच्या बायका उभ्याउभ्या जेवतात, खोक्यावर डबा ठेवून. त्यांनी सुट्टीत यावं, पाठ टेकावी, गरम खावं. हे मला करायचंय, आणि ते अजून झालेलं नाही. तुम्ही म्हणता झालं. काय झालंय हो माझं?"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं.

"आणि घरमालकाने महिनाअखेर चूल बंद करायला सांगितलीय," ती म्हणाली. हे वाक्य एकदाचं निघालं. निघताना फार दुखलंही नाही. "गाळा नाही मिळाला तर डबेसुद्धा बंद."

"हे आधी का सांगितलं नाही?" केसरीनाथ म्हणाले.

"लाज वाटली."

"पण मग ओमकारच्या नावाने तरी..."

"ओमकार होतकरू नाही."

आपला मुलगा होतकरू नाही असं वस्तीतल्या कुठल्याही आईने आजवर चारचौघांत म्हटलं नव्हतं. आईने तर पोर तुरुंगात असलं तरी होतकरू म्हणायचं असतं. त्यात ओमकारसाठी पुढच्या वर्षी मुली बघायला लागायचं असं शांताबाईंशी बोलणंही झालं होतं. दत्तूच्या टाळ्या थांबल्या होत्या, पण हात तसेच जोडलेले राहिले होते. ओमकारचे कान लाल झाले. तो चपला घालून निघून गेला.

वनिताला त्याच्या मागे जावंसं वाटलं. तिने एक पाऊल टाकलंही. पण आता गेलं तर परत येणं नाही, हे तिला कळलं, आणि ती उभीच राहिली.

"भावना समजल्या," नरेंद्र खाकरला. "तरी रीत ती रीत. स्वतःचं नाव स्वतः घेता येत नाही."

"थांब, नरेंद्र," शांताबाई पुन्हा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "तिचं नाव तिनं घेतलं न्हाय, मी घेतलंय. माझंच सांगायचं चुकलं. जलमभर स्थळं सांगत आले, तर नाव घ्यायचं म्हटल्यावर तोंडातून चांगलं चांगलंच निघालं. आता खरं सांगते."

"आत्या..." वनिता म्हणाली.

"तू बस. तू मान खाली घाल." वनिता बसली. "हिचं काय बी झालेलं न्हाय. फ्रिज हाय, पन तो बंद हाय, उंदराच्या भीतीनं त्यात डाळी ठेवते. कुकर माझ्या लेकीचा हाय, परत द्यायचाय. डबे पोचवायला म्हनून स्कूटी शिकायला गेली ती गटारात गेली. लोकांनी डबे काठीनं वढून काढले. भाजीत मीठ कधी हाय, कधी न्हाय..."

"चपात्या दुपारपर्यंत कडक होतात," बायकांतून रीमा म्हणाली.

"होतात ना? मोठ्यानं सांग, पोरी, हिकडं ऐकू येत न्हाय."

"कडक होतात!"

वनिताचे कान तापले. चपात्या कडक होतात, कारण पसरून ठेवायला जागा नाही, गरम गरम एकावर एक रचाव्या लागतात. वाफेने आधी ओल्या होतात आणि मग वातड. हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण सगळी सभा आता हसत होती, आणि ते हसणं टाळ्यांसारखं नव्हतं. टाळ्या वाजवताना लोक बसल्या जागी मागे रेलले होते. आता ते पुढे सरकले होते.

"नवरा पाठीनं अधू, मालक डोक्यावर, कुकर उसना," शांताबाईंनी आवरतं घेतलं. "आनि तरी हिला खानावळ काढायचीय, वर पाटी लावायचीय! ही होतकरू न्हाय तर कोन हाय मला सांगा. मेंदीचं मी बघून घेते."

"अनुमोदन?" नरेंद्रने बाप्यांच्या बाजूला बघून विचारलं. अनुमोदन नेहमी तिकडूनच यायचं. बायकांनी देऊ नये असं काही ठरलेलं नव्हतं, पण आजवर दिलं नव्हतं.

"माझं," रीमा म्हणाली.

केसरीनाथांनी वळून सुनेकडे बघितलं. "आगं, चपात्या कडक म्हणालीस ना?"

"रोज त्याच खाते, बाबा. जागा मिळाली तर मऊ होतील."

केसरीनाथांनी डोकं खाजवलं, दारातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "मी पोराचं नाव मागं घेतो. तो तसाबी गेलाच."

हात वर झाले. बायकांचे सगळे झाले, बाप्यांचे बरेचसे. दत्तूचे तर दोन्ही झाले, त्यातला एक नरेंद्रने खाली करायला लावला.

"एक वर्ष," नरेंद्र म्हणाला. "प्रायोगिक तत्त्वावर."

"मुलांना तीन देता."

"मुलं तरुण असतात, वहिनी. त्यांना जमायला वेळ लागतो."

वनिता हसली. आज ह्याहून जास्त ताणायला नको, एवढं तिला समजत होतं. "वर्षाने पुन्हा सभा असेलच," ती म्हणाली. "आत्या आहेतच."

बायकांनी तिला घेरलं. कुणी विचारत होतं मच्छी ठेवणार का, कुणी म्हणत होतं बाकं पक्की कर, आमची वजनं आहेत. ती हो हो करत, दत्तूला मागे ठेवून, निघाली.

ओमकार घरीच होता. डब्यांची रास बाजूला सारून त्याने बसण्यापुरती जागा केली होती.

"मिळाला का?"

"मिळाला. एक वर्ष."

"बधाई हो." तो मोबाईलवर अंगठा फिरवत राहिला. "सगळ्यांसमोर मला बाद केलंस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडली असतीस."

"असते."

"मग?"

वनिता त्याच्यासमोर खाली बसली. "कव्हर-चार्जरचं तू कधी ठरवलंस?"

तो एका डब्यावरची पट्टी नखाने खरवडायला लागला.

"मी कधी ऐकलं नाही तुझ्या तोंडून. त्यांनी विचारलं तेव्हाच ठरवलंस ना?"

"...हां." त्याच्या नाकातून हसू सुटलं, ते त्याने परत आत ओढलं. "पण मी कोणच नाय काय मग?"

"तू कमावता आहेस. शिफ्ट चुकवत नाहीस, पहाटे माझे डबे चढवतोस. तुझ्या जिवावर ह्या घरात चूल पेटली. हे काय कमी आहे?" ती थांबली. "मला ते तिथं नीट सांगता आलं नाही. वेगळं सांगायला हवं होतं. चुकलं."

"आणि मलापण कायतरी व्हायचं असलं, पुढे?"

"तर मला सांग. मंडळाच्या आधी मला. मी तुझं नाव घेऊ शकत नाही, पण आत्यांना पढवून ठेवेन. ह्या वेळेला नीट."

आता तो हसला. मग त्याने मोबाईल खाली ठेवला. "मम्मी, तुला माहिताय ना आता काय होणार? गाळेवाल्यांना सगळे रोज विचारतात. सकाळ-संध्याकाळ. 'काय, चाललंय ना? गिऱ्हाईक येतंय ना?' ती पोरं शेवटी मागच्या गल्लीने यायची-जायची."

वनिताने हा विचार केलाच नव्हता. आजवर तिच्याकडून कुणी कसली अपेक्षा धरली नव्हती. भाजी खारट झाली तरी ती वनिताची भाजी होती, तेवढ्यावर मिटायचं. आता अख्खी वस्ती बघणार, वर्षभर, की हिचं होतंय की नाही. त्या पोरांकडे आपणही असंच बघत होतो, हे तिला आठवलं.

"तू पण विचारायचास?"

"मीपण. टाइमपास म्हणून." त्याने मान खाजवली. "तुला नाय विचारणार."

"नको विचारूस," ती म्हणाली आणि उद्याचे तांदूळ निवडायला ताट पुढे ओढलं. "जेवायला मात्र ये."